ओले फडके आणि डेलको

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यात आम्ही काही शिक्षक मित्र विज्ञानाची पेटी घेऊन शाळाशाळांतून जात असू. पेटी म्हणजे भिंगे, चुंबक, परीक्षानळ्या, एक निर्वात पंप, दोन स्टोव्ह आणि मुलांनी केलेल्या वस्तूंची दोन खोकी. हे सगळे एका जुन्या व्हॅनमध्ये मावायचे. एरवी तीच व्हॅन आसपासच्या गावांतली मुले शाळेत आणायची. व्हॅन कोणत्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा दोष नव्हता. वीसेक वर्षे वापरलेल्या कोणत्याही पेट्रोल गाडीत ते घडले असते, आणि त्यातला अर्धा दोष तर आमचाच होता.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. कोलितमाऱ्याच्या रस्त्याने, पेंचच्या जंगलाच्या दिशेने निघालो होतो. सकाळी दहालाच ऊन असे की स्टिअरिंगला हात लावताना फडके लागावे. वाटेत इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि गाडी थांबली. सेल्फ मारला, इंजिन फिरत होते पण पकडत नव्हते. आमच्यातल्या एकाने लगेच निदान केले, "पेट्रोल लॉक झाले." पुढची सीट उचलली, फडके कॅनमधल्या पाण्यात बुडवून पेट्रोल पंपावर टाकले आणि पळसाच्या सावलीत बसलो. वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर गाडी सुरू! निदान बरोबर ठरले. पाचसहा किलोमीटरवर पुन्हा तेच, पुन्हा फडके, पुन्हा वीस मिनिटे, पुन्हा गाडी सुरू. असे तीनदा झाले. तीनदा प्रयोग केला, तीनदा तेच उत्तर आले, म्हणजे आता शंका कसली?

संध्याकाळी पारशिवनीत मिस्त्रींना सगळी हकीकत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली आणि नवा पंप बसवायला सांगितले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "काहून सर, कापड न टाकता तेवढाच वेळ थांबून पाह्यलं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याच आठवड्यात सहावीच्या मुलांना आम्ही बियांचा प्रयोग शिकवला होता. एका वाटीत पाणी आहे, दुसरीत नाही, बाकी सगळे सारखे ठेवायचे, नाहीतर बी कशामुळे रुजले हे सांगता येत नाही. आणि रस्त्यावर मात्र आम्ही एकच वाटी घेऊन बसलो होतो. गाडी फडक्याने सुरू झाली की नुसत्या थांबण्याने, हे आमच्या तीन प्रयोगांतून कळूच शकत नव्हते. तीनऐवजी तीस वेळा केले असते तरी नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आमच्याबरोबर आले. गाडी बंद पडण्याची वाट पाहिली, आणि पडल्यावर फडक्याला हात न लावता एका प्लगची वायर काढली. तिला जवळचा सुटा प्लग जोडला, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवला आणि आम्हाला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी नाही. पेट्रोलची वाफ होऊन वाट अडली असती तर ठिणगी यायलाच हवी होती, कारण ठिणगीला पेट्रोल लागत नाही. म्हणजे पंप निर्दोष. मग बॅटरीपासून प्लगपर्यंतची वाट त्यांनी मधूनच तोडून पाहिली. कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला तर तो पेटला. पॉइंटकडच्या टोकाला लावला तर इंजिन फिरताना तो लुकलुकला, म्हणजे पॉइंट उघडझाप करत होते. कॉइलमधून डेलकोकडे जाणारी जाड वायर काढून प्लगला लावली, तरी ठिणगी नाही. तेव्हा डेलकोचे झाकण, आतला रोटर, प्लगच्या वायरी सगळे एका फटक्यात बाद. उरले दोघेच, कॉइल आणि कंडेन्सर. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो बदलला. उपयोग नाही. मग आमचेच ओले फडके त्यांनी पंपाऐवजी फक्त कॉइलवर टाकले. थोड्या वेळाने निळी ठिणगी कडकड उडू लागली. या साऱ्याला अर्धा तासही लागला नाही.

या माणसाचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. त्यांना हे कोणी शिकवले, असे विचारले तर त्यांनी कामठीच्या एका उस्तादाचे नाव सांगितले. त्या उस्तादाला कोणी शिकवले? असे मागे मागे गेलो तर कुठे पोचतो, हे शोधायचे आम्ही ठरवले. त्या शोधातून हा लेख झाला.

बंद पडलेली गाडी रस्त्यात दुरुस्त करण्याची, नीट नोंद झालेली पहिली मोठी गोष्ट 1888 सालची आहे, आणि ती एका बाईची आहे. कार्ल बेंझ यांनी जर्मनीतल्या मानहाइम गावी पेट्रोलवर चालणारी तीनचाकी गाडी केली, 1886 साली तिचे पेटंट मिळवले, पण गाडी विकत घ्यायला कोणी पुढे येईना. ऑगस्ट 1888 मध्ये त्यांची पत्नी बर्था बेंझ भल्या पहाटे, नवऱ्याला न सांगता, युगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन गाडी बाहेर काढून निघाल्या. जायचे होते माहेरी, फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर. तोवर ही गाडी घराजवळच्या चार फेऱ्यांपलीकडे गेली नव्हती. कुटुंबाच्या आठवणींतून जे कळते ते असे: इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तो बर्थाबाईंनी टोपीच्या लांब पिनेने काढला. ठिणगीच्या वायरचे आवरण झिजून वीज गळू लागली, तेव्हा मोज्याचा गेटिस गुंडाळून तिला आवरण केले. लाकडी ब्रेक झिजला, त्यावर वाटेतल्या चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. साखळी ताणली गेली, ती लोहाराने नीट केली. पेट्रोल पंप तर जगातच नव्हता, म्हणून वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे डाग काढायचे द्रावण विकत घेतले आणि टाकीत ओतले.

या यादीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे. नळी तुंबणे, वायरचे आवरण झिजणे, ब्रेक झिजणे, साखळी सैल होणे. पारशिवनीच्या कुठल्याही मिस्त्रीच्या एका दिवसाच्या कामाची ही यादी आहे. परत आल्यावर बर्थाबाईंनी चढावर गाडी ढकलावी लागल्याचे सांगितले, आणि बेंझ यांनी चढासाठी आणखी एक गिअर बसवला. गाडीत काय कमी आहे हे कारखान्याबाहेरच्या रस्त्यानेच सांगितले.

ज्या वायरवर गेटिस गुंडाळला तिच्यातून हजारो व्होल्टचा दाब जात होता. तो कुठून आला? फॅरडे यांनी 1831 साली दाखवले की वेटोळ्यातले चुंबकत्व बदलत असेल तेवढाच वेळ त्यात वीज उत्पन्न होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1836 मध्ये, आयर्लंडमधल्या मेनूथच्या महाविद्यालयात शिकवणारे पाद्री निकोलस कॅलन यांनी लोखंडाच्या गाभ्यावर आधी जाड तारेचे थोडे वेढे आणि मग बारीक तारेचे पुष्कळ वेढे गुंडाळले, आणि जाड तारेतला बॅटरीचा प्रवाह झटक्याने तोडला. बारीक तारेच्या टोकांना जबर धक्का देणारी वीज आली. व्होल्ट मोजायचे साधन हाती नव्हते, म्हणून कॅलन विद्यार्थ्यांना धक्का देऊन ती किती जोराची आहे हे ठरवत, आणि त्यातला एक बेशुद्ध पडला, असे सांगतात. विज्ञानशिक्षकांच्या इतिहासातले हे पान अनुकरणीय नाही.

पुढे पॅरिसमध्ये रुमकॉर्फ यांनी हे वेटोळे इतके सुधारले की 1864 साली त्यांना फ्रान्सच्या सम्राटाचे 50,000 फ्रँकचे पारितोषिक मिळाले. त्या वेटोळ्यात एक अडचण होती. प्रवाह तोडताना तोडण्याच्या जागीच ठिणगी पडे, तिच्यातून प्रवाह वाहत राही, आणि झटका हवा तसा बसत नसे. फिझो यांनी 1853 मध्ये त्या जागी धारित्र जोडायचे सुचवले. तोच आपला कंडेन्सर. ती स्वस्त नळकांडी बिघडली की पॉइंट काळे पडतात आणि गाडी मिस मारू लागते, त्याचे कारण हे. पॉइंट घासून साफ केले तर दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा काळे. अशा वेळी पॉइंटांना दोष देणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे!

इथे एक प्रश्न वर्गात विचारून पाहा. कॉइलच्या आतल्या बारीक तारेचे वेढे जाड तारेच्या सुमारे शंभरपट असतात. बॅटरी 12 व्होल्टची. मग उत्तर 1,200 व्होल्ट यायला हवे, पण प्लगला तर पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. उरलेले कुठून येतात? पुष्कळ शिक्षकांनाही हा प्रश्न अडवतो, आम्हाला अडवला होता. उत्तर असे की पॉइंट उघडतात त्या क्षणी जाड वेटोळ्यातला प्रवाह एकदम कोसळतो, आणि त्या वेटोळ्यात स्वतःमध्येच दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब उठतो. त्याची शंभरपट म्हणजे वीस-तीस हजार. बॅटरीच्या 12 व्होल्टचे काम वेटोळ्यात चुंबकत्व भरून ठेवण्यापुरते. उंची मिळते ती झटक्यामुळे. म्हणूनच नुसती बॅटरी जोडून ठेवली तर ठिणगी येत नाही, आणि पॉइंटमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे कमी, असे पातीने मोजून ठेवावे लागते. अंतर फार झाले तर पॉइंट मिटलेले कमी वेळ राहतात आणि चुंबकत्व पुरते भरत नाही.

हे वर्गात दाखवायला गाडी लागत नाही. ट्यूबलाइटचा जुना, तांब्याच्या तारेचा चोक घ्यावा (इलेक्ट्रॉनिक चोक चालणार नाही). टॉर्चचे चार सेल त्याला जोडावेत आणि चोकच्या दोन टोकांना टेस्टरमधला छोटा निऑन दिवा लावावा. सेल जोडले असता दिवा पेटत नाही, कारण त्याला साठ-सत्तर व्होल्टच्या वर दाब लागतो. सेलची वायर सोडवताच तो लखकन उजळतो. खोली अंधारी असावी, आणि उघड्या टोकांना कोणी हात लावू नये. सहा व्होल्टमधून आलेला हा झटका मुलांना कॅलनच्या विद्यार्थ्याची आठवण करून देईल.

बेंझ यांच्या गाडीत असेच वेटोळे होते, पण त्याला खाद्य देणाऱ्या बॅटऱ्या लवकर संपत. त्यामुळे मधली काही वर्षे मॅग्नेटोची होती. श्टुटगार्टच्या बॉश कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो केला आणि तो जगभर गेला. मग अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने बॅटरी, एकच वेटोळे, पॉइंट, आणि प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणारी चकती अशी मांडणी केली. ती 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत आली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्याच गाड्यांत केटरिंगचाच विजेचा सेल्फ आला. हँडल मारताना हात मोडून घेण्याचे दिवस त्याने संपवले. या धंद्यासाठी केटरिंगने सोबत्याबरोबर 1909 मध्ये जी कंपनी काढली तिचे नाव होते डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरे घेऊन तिला म्हणत डेलको.

आणि पारशिवनीचे मिस्त्री, त्यांचे कामठीचे उस्ताद, नागपूरचे सगळे फिटर त्या ठिणगी वाटणाऱ्या डब्याला काय म्हणतात? पुस्तकातला 'डिस्ट्रिब्युटर' हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही. "सर, डेलको खोलावा लागन." अमेरिकेतल्या एका गावाचे नाव विदर्भातल्या गॅरेजात शंभर वर्षांनंतरही असे तुकड्या-तुकड्याने जिवंत आहे. हे नाव कोणत्या पुस्तकातून शिकलेले नाही, एका उस्तादाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात असे आले आहे. त्याच वाटेने वाट मधून तोडून पाहायची रीतही आली असणार.

आमच्या भागात व्हॅन म्हटले की आधी आठवते ती मॅटाडोर. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले वकील नवलमल फिरोदिया यांनी 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली, आणि हँबुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या परवान्याने आधी तीनचाकी टेम्पो आणि 1969 पासून मॅटाडोर इथे होऊ लागली. पुढे ती इतकी रुळली की कोणतीही मोठी व्हॅन म्हणजे मॅटाडोर, असेच लोक म्हणू लागले. ती डिझेलवर चाले. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून इंधन आपोआप पेटते. तिथे पॉइंट नाहीत, कॉइल नाही, डेलको नाही. त्यामुळे मॅटाडोरचा मिस्त्री वेगळ्याच वाटेने विचार करतो: टाकी रिकामी होऊन नळीत हवा शिरली का, फिल्टर तुंबला का. नट सैल करून हातपंपाने हवेचे बुडबुडे काढायचे आणि निव्वळ डिझेल येऊ लागले की नट आवळायचा, हे ज्याने पाहिले आहे त्याला द्रव दबत नाही आणि वायू दबतो हा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

मग 1984 साली मारुतीची छोटी व्हॅन आली. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात बाहेर पडलेल्या मारुती 800 चेच 796 घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन तिच्यात पुढच्या सीटखाली बसवले होते. 1988 पासून तिला ओम्नी म्हणू लागले, आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. पस्तीस वर्षांत ती शाळेची गाडी झाली, रुग्णवाहिका झाली, भाजीची गाडी झाली. तीन सिलिंडर, चार टप्प्यांचे इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन ठिणग्या. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर 4,500 ठिणग्या, सेकंदाला 75. पॉइंटांची ती जोडी सेकंदाला 75 वेळा उघडते आणि मिटते. ती झिजते याचे नवल नाही, इतकी टिकते याचे आहे.

आणि हो, पेट्रोल लॉक ही काही खोटी गोष्ट नव्हे. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. जुन्या गाड्यांत पंप इंजिनावर असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा 47 अंशांच्या पुढे गेलेला आहे, त्या नळीत वाफ होणारच. ओले फडकेही शास्त्रशुद्ध आहे. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, आपल्याकडे माठ आणि कूलर त्याच तत्त्वावर चालतात. विदर्भाची हवा कोरडी म्हणून हा उपाय इथे चालतो. रत्नागिरीच्या दमट हवेत तेच फडके निम्मेही काम करणार नाही. आमची चूक उपायात नव्हती. एका कारणाने सगळे नीट जुळले म्हणून दुसरे कारण तपासायचे राहिले, ही चूक होती. तापलेली कॉइल आणि तापलेले पेट्रोल दोन्ही गाडी बंद पाडतात, आणि दोन्ही वीस मिनिटांत शहाणी होतात. कॉइलच्या आतली बारीक तार किंवा तिचे आवरण कुठेतरी तुटलेले असते. तापून पसरले की फट उघडते, निवले की मिटते.

2000 सालापासून देशभर धुराचे नियम कडक होत गेले. कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेले, पंप टाकीत जाऊन बसला. तिथून तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. दाब वाढला, तेव्हा वाफेची तक्रारही जवळजवळ गेली. आता बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मिस्त्री एक यंत्र जोडून त्याचा क्रमांक वाचतात. गाड्या कमी बिघडतात, धूर कमी सोडतात, हे चांगलेच आहे. पण क्रमांक ज्याचे नाव सांगतो तो भाग दर वेळी गुन्हेगार असतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त तक्रारदार असतो. आमच्या मिस्त्रींच्या मुलाने ते यंत्र घेतले आहे. त्याने लावले की वडील शेजारी उभे राहून विचारतात, "हे त्यानं सांगितलं. तू काय पाह्यलं?"

त्या दिवशी कॉइल बदलून झाल्यावर मिस्त्रींनी फ्यूजचा डबा सहज उघडून पाहिला आणि थबकले. एका खाचेत फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. ती आमच्यातल्याच एकाने दोन महिन्यांपूर्वी बसवली होती. फ्यूज वारंवार उडत होता, संध्याकाळची वेळ होती, मुलांना घरी सोडायचे होते. चांदी बसवल्यावर काही उडाले नाही आणि आम्ही विसरून गेलो.

फ्यूजची कल्पना गाडीपेक्षा जुनी आहे. 1840 च्या दशकात फ्रान्समध्ये ब्रेगे यांनी तारयंत्रांच्या कचेऱ्यांचे विजेपासून रक्षण करायला वाटेत मुद्दाम एक बारीक तार ठेवायला सुचवले, म्हणजे जळायचे ते तेवढेच जळेल. आमच्या गाडीत त्या खाचेवर दिवे होते. दोन दिवे 60 वॉटचे, एकूण 120. 12 व्होल्टने भागले की 10 अँपियर. तिथे 15 अँपियरचा फ्यूज असतो. चांदीची ती पट्टी किती अँपियरला वितळेल, कोण सांगणार? तोवर वायरच वितळेल.

मिस्त्रींनी चांदी काढली, नवा फ्यूज लावला, दिवे लावले. फ्यूज टिकला. मग त्यांनी आम्हाला गाडी मागून हलवायला सांगितली, आणि तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला फ्यूज उडाला. म्हणजे वायर हलल्यावर कुठेतरी लोखंडाला लागत होती. पुढून मागे अशी वायरची वाट चाचपत ते गाडीखाली शिरले. मागच्या दिव्याकडे जाणारी वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जात होती, तिथली रबरी बोंडी गळून पडली होती. पत्र्याच्या धारेने आवरण कापून तांबे उघडे पडले होते, आणि तिथून चार बोटांवरून पेट्रोलची नळी जात होती. ही जागा मुलांच्या मागच्या बाकाच्या बरोबर खाली होती.

त्यांनी वायर तोडून नवी जोडली, वर टेप गुंडाळली, भोकात नवी बोंडी बसवली. पैसे कॉइलचे आणि कंडेन्सरचे घेतले. चांदीचा तो काळवंडलेला तुकडा आम्ही मागून घेतला. तो आता विज्ञानाच्या पेटीत, चोक आणि निऑन दिव्याच्या शेजारी, एका काचेच्या नळीत ठेवलेला आहे.